परिवीक्षा आणि सेवासुरक्षा : बीड जिल्ह्यातील उच्च शिक्षणाच्या संदर्भात

विषयाची व्याप्ती

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात अध्यापकाची नेमणूक झाल्यानंतर त्याचे काम, वर्तन आणि विषयावरील पकड प्रत्यक्ष सेवेत पारखून घेण्यासाठी जो मर्यादित काळ राखून ठेवला जातो त्याला परिवीक्षा म्हणतात. हा काळ समाधानकारक रीतीने पार पडला म्हणजे नियुक्ती करणाऱ्या संस्थेने लेखी आदेश काढून त्या अध्यापकाला कायम करावयाचे असते. या कृतीचे नाव स्थायीकरण. स्थायीकरणानंतर आरोपपत्र, चौकशी आणि बचावाची संधी दिल्याखेरीज त्याला सेवेतून दूर करता येत नाही, आणि दूर केलेच तर त्या निर्णयाविरुद्ध त्याला दाद मागता येते. या संरक्षणाला सेवासुरक्षा असे म्हटले जाते.

सेवासुरक्षा म्हणजे निवृत्तीपर्यंत काहीही केले तरी नोकरी शाबूत राहण्याची हमी, असा समज समाजात आणि काही संस्थाचालकांतही आढळतो. तो बरोबर नाही. कायम झालेल्या अध्यापकालाही गैरवर्तन, कर्तव्यातील कसूर किंवा पदच रद्द होणे या कारणांनी सेवा सोडावी लागते. मात्र ते कारण लेखी द्यावे लागते, ते सिद्ध करावे लागते आणि संस्थेबाहेरच्या अधिकाऱ्याकडून ते तपासून घेण्याची सोय असते. परिवीक्षेच्या काळात ही तिन्ही बंधने सैल असतात, आणि ती तशी असण्याला समंजस कारण आहे: एका मुलाखतीत माणसाची पारख पुरी होत नाही, त्यामुळे चुकलेली निवड दुरुस्त करण्याची सवड संस्थेला हवी. हे कारण ज्या काळापुरते खरे आहे तो काळ संपल्यावर सैलपणाही संपला पाहिजे. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, महाराष्ट्रात आणि विशेषतः बीडसारख्या जिल्ह्यात अध्यापकांचे हाल परिवीक्षेच्या कडकपणामुळे झालेले नाहीत. मुदत असलेली परिवीक्षा मागे पडून तिची जागा मुदत नसलेल्या अनिश्चिततेने घेतली, त्यामुळे ते झाले आहेत.

दोन कर्वे, दोन नोकऱ्या

अध्यापकाला स्थैर्य कशासाठी हवे, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातच सापडते. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आजीव सदस्यत्वाची पद्धत घालून दिली होती. आजीव सदस्य होणारा अध्यापक अल्प वेतनावर वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याचे वचन देई, आणि संस्थेचा कारभार बाहेरच्या मालकाच्या हाती न राहता या सदस्यांच्याच हाती राही. शिकवणारेच संस्था चालवीत असल्याने नोकरी देणारा आणि घेणारा असे दोन तट तेथे पडत नव्हते. मतभेद मात्र होत असत, आणि लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये दिलेला राजीनामा त्याची साक्ष देतो. परंतु ते मतभेद बरोबरीच्या माणसांमधले होते.

टिळकांनंतर याच सोसायटीच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले आणि पुढल्या वर्षी ते आजीव सदस्य झाले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावच्या ग्रामस्थांनी त्यांच्या कुटुंबावर बहिष्कार घातला. गाव तुटले, नातलग दुरावले, तरी फर्ग्युसनमधील अध्यापकपद गेले नाही. १९१४ पर्यंत ते तेथे शिकवत राहिले, आणि याच काळात त्यांनी विधवांसाठी आश्रम उभा केला. कर्व्यांचे कार्य त्यांच्या निर्धाराचे फळ आहे यात शंका नाही, परंतु महिन्याच्या महिन्याला मिळणारे वेतन आणि सहकाऱ्यांचा आधार यांचाही त्यात वाटा होता.

त्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे हेही गणिताचेच प्राध्यापक होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात असताना त्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाला हे कार्य मान्य नव्हते, आणि १९२५ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या गणित शिकवण्यात काही उणे होते म्हणून ही वेळ आली नव्हती. पुढे १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी पदरमोड करून आणि खटले सोसून चालवले. एकाच घरातील या दोन पिढ्यांनी आपल्या काळाला न रुचणारे काम केले. पित्याची नोकरी त्या कामाला पाठबळ देत राहिली आणि पुत्राला त्या कामासाठी नोकरीवर पाणी सोडावे लागले. पुत्रासारखे नोकरी गमावूनही न डगमगणारे लोक कोणत्याही समाजात फार थोडे असतात. बाकीचे अध्यापक गप्प बसतात, आणि ते गप्प बसल्याने समाजाचे काय गेले हे समाजाला कळतही नाही.

परदेशांतही हा प्रश्न अशाच प्रसंगांतून पुढे आला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड रॉस या समाजशास्त्रज्ञाची आर्थिक व सामाजिक मते विद्यापीठाच्या संस्थापिकेला खटकली आणि १९०० मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्या प्रकरणाच्या निषेधार्थ राजीनामा दिलेले आर्थर लव्हजॉय आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये प्राध्यापकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि तिच्या १९४० च्या निवेदनाने परिवीक्षेला सात वर्षांची कमाल मर्यादा सांगितली. ब्रिटनने १९८८ च्या शिक्षणसुधारणा कायद्याने नव्या अध्यापकांचे कायमपणाचे जुने संरक्षण काढून घेतले. पण प्रस्थापित मतांना प्रश्न विचारणाऱ्या अध्यापकाची नोकरी त्यामुळे धोक्यात येऊ नये, अशी तरतूदही त्याच कायद्यात करावी लागली. युनेस्कोने १९९७ मध्ये उच्च शिक्षणातील अध्यापकांविषयी जी शिफारस स्वीकारली तीत कायमपण किंवा त्याच्या तोडीचे संरक्षण हा अध्यापनस्वातंत्र्याचा एक प्रमुख आधार मानला आहे.

कायद्याने आखलेली चौकट

भारतीय संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाने नागरी सेवेतील कर्मचाऱ्याला चौकशीविना बडतर्फ करण्यास मनाई केली आहे. खासगी संस्थेने चालवलेल्या महाविद्यालयातील अध्यापकाला शासनाच्या तिजोरीतून वेतन मिळत असले तरी तो शासकीय सेवक नसल्याने त्याला या अनुच्छेदाचा आधार नाही. शामलीच्या वैश्य महाविद्यालयाच्या प्रकरणात सत्तरच्या दशकाच्या मध्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, नोंदणीकृत सोसायटी ही कायद्याने निर्माण झालेली संस्था नव्हे आणि वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सहसा बळजबरीने पाळावयास लावत नाही. म्हणजे काढून टाकलेल्या अध्यापकाला फार तर नुकसानभरपाई मागता येईल, पण जागा परत मिळेलच असे नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वतंत्र कायद्यांची आणि न्यायाधिकरणांची गरज होती.

महाराष्ट्रात शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांसाठी खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९८१ मध्ये अमलात आला. पुढे उल्लेख आलेले शिक्षणसेवक सोडून, कायम रिक्त पदावर नेमलेला कर्मचारी दोन वर्षे परिवीक्षेवर राहील आणि ती पूर्ण झाल्यावर तो कायम झाला असे मानले जाईल. या काळात काम किंवा वर्तन समाधानकारक नसल्यास एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचे वेतन देऊन त्याची सेवा संपवता येईल, अशी त्यात व्यवस्था आहे. संस्थेच्या निर्णयाविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. वरिष्ठ महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्यासाठी अशीच सोय १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात होती आणि ती आता २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात आहे. बीड जिल्ह्यातील अध्यापकाला न्यायाधिकरणाच्या निर्णयापुढे जावयाचे झाल्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाची पायरी चढावी लागते.

परिवीक्षेविषयी न्यायालयांनी घालून दिलेल्या तत्त्वांपैकी दोन तत्त्वे अध्यापकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहेत. पहिले तत्त्व मुदतीविषयीचे आहे. पंजाबात जिल्हा मंडळांच्या शाळा शासनाने ताब्यात घेतल्यानंतर तेथील शिक्षकांना परिवीक्षेवर ठेवण्यात आले होते आणि नियमांनी परिवीक्षेला तीन वर्षांची कमाल मर्यादा घातली होती. ती मर्यादा उलटून गेल्यावरही शिक्षक कामावर राहिले असताना त्यांना काढण्यात आले. धरम सिंग यांच्या या प्रकरणात १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, नियमच मर्यादा घालून देत असेल तर तिच्यापलीकडे सेवेत ठेवलेला कर्मचारी कायम झाला असे मानावे लागेल. जेथे नियमात अशी मर्यादा नाही, तेथे मात्र स्थायीकरणाचा स्पष्ट आदेश लागतो. सेवानियमातील कमाल मुदतीच्या एका ओळीने पडणारा हा फरक नियुक्तीपत्र हाती घेणाऱ्या किती तरुण अध्यापकांना ठाऊक असतो, हा प्रश्नच आहे.

दुसरे तत्त्व कारणाविषयीचे आहे. पुरुषोत्तमलाल धिंग्रा यांच्या १९५७ च्या प्रकरणापासून न्यायालये असे सांगत आली आहेत की, परिवीक्षाधीन माणसाला साध्या आदेशाने दूर करता येते, पण तो आदेश शिक्षेचे दुसरे नाव असेल तर चौकशी टाळता येत नाही. १९७४ च्या शमशेर सिंग प्रकरणात आदेशाच्या शब्दांमागचे खरे रूप पाहण्याचा आग्रह धरला गेला, आणि १९९९ च्या दीप्तीप्रकाश बॅनर्जी प्रकरणात ‘हेतू’ आणि ‘पाया’ हा भेद तपशिलाने मांडला गेला. अध्यापकाविरुद्ध काही तक्रार कानावर आली आणि तिच्या खोलात न शिरता संस्थेने त्याला पुढे न ठेवण्याचे ठरवले तर ती तक्रार केवळ हेतू ठरते. पण त्याच्या पाठीमागे चौकशी उरकून, दोष निश्चित करून त्या आधारे काढले तर तो दोष आदेशाचा पाया ठरतो आणि आदेश टिकत नाही. महाराष्ट्रातीलच प्रोग्रेसिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या २००८ च्या प्रकरणात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: काम असमाधानकारक होते असे संस्थेला म्हणावयाचे असेल तर परिवीक्षेच्या काळातील कामाच्या मूल्यमापनाची नोंद तिच्याजवळ असली पाहिजे.

परिवीक्षेचे दप्तर

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार परिवीक्षा किमान एक वर्षाची असते आणि काम असमाधानकारक असल्यास ती जास्तीत जास्त आणखी एक वर्ष वाढवता येते. मात्र वाढवण्याचा स्वतंत्र आदेश पहिले वर्ष संपण्याआधी निघाला पाहिजे. परिवीक्षा पूर्ण झाल्यावर कामाची रीतसर पडताळणी करून ४५ दिवसांच्या आत स्थायीकरणाचा आदेश देणे संस्थेवर बंधनकारक आहे. कागदावर ही व्यवस्था नेटकी आहे. ती प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासाठी एखाद्या अनुदानित महाविद्यालयातील नवनियुक्त सहायक प्राध्यापकाचे दप्तर डोळ्यांसमोर आणावे.

त्या दप्तरात सर्वांत खाली पद भरण्यासाठी शासनाने दिलेले ना-हरकत प्रमाणपत्र असते, त्यावर बिंदुनामावलीची तपासणी, म्हणजे ते पद कोणत्या आरक्षित किंवा खुल्या प्रवर्गाचे आहे याची पडताळणी, मग जाहिरातीचे कात्रण, कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ बसलेल्या निवड समितीचा अहवाल, संस्थेचे नियुक्तीपत्र, रुजू अहवाल, विद्यापीठाचे मान्यतापत्र आणि विभागीय सहसंचालक कार्यालयाची वेतननिश्चिती असा कागदांचा थर चढत जातो. नेमणूक संस्थेची, मान्यता विद्यापीठाची आणि पगार शासनाचा, अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे. यातील प्रत्येक कागदासाठी अध्यापक किंवा कार्यालयीन अधीक्षक बीडहून छत्रपती संभाजीनगरला खेटे घालतो, कारण त्या कागदावर पगार अडलेला असतो. पगार सुरू झाला की दप्तराची वाढ थांबते. अध्यापकाने वर्गात काय शिकवले, त्याच्या शिकवण्यात काय कमी होते, ते त्याला कधी सांगितले, त्याने काय सुधारले, याचा कागद त्यात अनेकदा सापडत नाही; स्वयंमूल्यमापनाचे नमुने आणि गोपनीय अहवाल वर्षाच्या शेवटी एकाच बैठकीत, एकाच शाईने भरले जातात.

याचा परिणाम दुहेरी होतो. अध्यापक खरोखर कामचुकार असेल तर संस्थेजवळ दाखवायला काही नसते आणि न्यायाधिकरणात तिची बाजू लंगडी पडते. अध्यापक चांगला असेल आणि संस्थेची त्याच्यावर इतराजी झाली असेल तर तोच रिकामा कागद त्याच्याविरुद्ध वापरला जातो, कारण त्याच्या चांगल्या कामाचीही नोंद कोणी ठेवलेली नसते. मान्यतेला उशीर झाला किंवा वेतननिश्चिती रखडली तर संस्था विद्यापीठाकडे बोट दाखवते, विद्यापीठ सहसंचालकांकडे आणि सहसंचालक शासन निर्णयाकडे. तिन्ही कार्यालयांचे हात या दप्तराला लागतात, पण ४५ दिवसांची मुदत पाळली गेली की नाही हे विचारण्याची जबाबदारी कोणीही स्वतःची मानत नाही.

मुदत नसलेली परिवीक्षा

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि उच्च शिक्षणाच्या सोयी येथे फार उशिरा आल्या. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापकपद भूषवलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. शिक्षकाने सत्तेपुढे मान न तुकवण्याची ही परंपरा जिल्ह्याच्या जडणघडणीतच आहे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, त्यानंतर बीड, अंबाजोगाई, परळी येथे आणि हळूहळू इतर तालुक्यांतही महाविद्यालये निघाली. आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील चार जिल्ह्यांपैकी बीड हा एक आहे. शेतकऱ्यांची आणि ऊसतोड मजुरांची मुले ज्या वर्गांत पहिल्यांदा पदवीपर्यंत पोहोचली ते वर्ग याच महाविद्यालयांचे होते.

या वर्गांना टिकून राहणाऱ्या अध्यापकाची गरज इतरांपेक्षा अधिक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जाणाऱ्या टोळ्यांबरोबर काही विद्यार्थीही जातात आणि हंगाम संपताना परततात. कोणता मुलगा वर्ग का सोडून गेला, त्याच्या परीक्षेच्या अर्जाचे काय झाले, पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला प्रवेश मिळवून देता येईल का, हे ज्या अध्यापकाने सलग काही वर्षे तेथे काढली आहेत त्यालाच माहीत असते. दरवर्षी नवा माणूस उभा राहणाऱ्या वर्गात असा विद्यार्थी केवळ गैरहजर म्हणून नोंदला जातो.

प्रत्यक्षात मात्र स्थिर अध्यापक कमी होत गेले आहेत. त्याची सुरुवात पात्रतेच्या प्रश्नापासून झाली. १९९१ मध्ये आयोगाने अधिव्याख्यात्यासाठी नेट परीक्षा आवश्यक केली, पण तेव्हा पात्र उमेदवार पुरेसे नसल्याने २००० पर्यंत महाराष्ट्रात अनेकांच्या नेमणुका नेट-सेटविना झाल्या. या अध्यापकांनी वर्षानुवर्षे शिकवले, परीक्षा घेतल्या, तरी त्यांची सेवा ग्राह्य धरावी की नाही हे ठरतच नव्हते. प्राध्यापक महासंघाने २०१३ मध्ये फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला, उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला, आणि २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने या अध्यापकांची सेवा त्या तारखेपासून नियमित धरण्यात आली. मागची दोन दशके हिशेबात आली नाहीत. पात्रतेचा आग्रह चुकीचा नव्हता, आणि २०१५ च्या पी. सुशीला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तो योग्य ठरवला. पण पात्र नसलेल्या माणसाला नेमावयाचे, त्याच्याकडून काम करून घ्यावयाचे आणि निर्णय मात्र पुढे ढकलत राहावयाचे, हा प्रकार परीक्षार्थ्याला वीस वर्षे परीक्षागृहात बसवून ठेवण्यासारखा होता.

दुसरा टप्पा तासिका तत्त्वाचा आहे. कायम पद रिक्त असताना ते न भरता घेतलेल्या प्रत्येक तासामागे ठरावीक मानधन देऊन अध्यापक नेमणे, याला तासिका तत्त्व म्हणतात. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा कार्यभार आठवड्याला १६ तासांचा असतो आणि सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे प्रारंभिक मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपये आहे. तेच काम तासिकांत वाटून दिले की अध्यापकाला तासामागे हजाराच्या आतबाहेर दर मिळतो, तोही तास झाला तरच. परीक्षेचे दिवस, सुट्ट्या, निवडणुका, मोर्चे या काळात तास होत नाहीत आणि मानधनही मिळत नाही. नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती असते, सत्र सुरू होऊन गेल्यावर केव्हातरी मिळते आणि उन्हाळ्याआधी संपते. नेट-सेट उत्तीर्ण आणि पीएच.डी. झालेला उमेदवार जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला उभा राहतो. त्याला दहा वर्षांत एकदाही परिवीक्षेवर घेतले जात नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत स्थायीकरणाचा प्रश्नच उद्भवत नाही, असे कायद्याच्या भाषेत म्हणता येते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या नियमांत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसाव्यात आणि कंत्राटी अध्यापकाचे मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनाहून कमी नसावे असे सांगितले. अतिथी अध्यापकांसाठी २०१९ मध्ये तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपयांची शिफारस केली. तासिका तत्त्व या दोन्ही मर्यादांच्या खालून निसटते. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांची ३,५८० आणि २०२१ मध्ये २,०८८ पदे भरण्यास मान्यता दिली खरी, परंतु दरम्यान निवृत्त होणाऱ्यांची रांगही थांबलेली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमांचा जो मसुदा प्रसिद्ध केला त्यात दहा टक्क्यांची मर्यादाच उरली नव्हती.

शाळांमध्ये आणि कनिष्ठ महाविद्यालयांत याच विचाराने २००० पासून शिक्षणसेवक योजना आली: पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी ठोक मानधन. २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. या योजनेवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, तरी तिला तीन वर्षांचा शेवट आहे, एवढे तिच्या बाजूने म्हटले पाहिजे. विनाअनुदानित संस्थेत तोही नसतो. तेथे अनुदान येईल या आशेवर माणसे उमेदीची वर्षे काढतात. मार्च २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातील एका आश्रमशाळेच्या शिक्षकाने अठरा वर्षे वेतनाविना काम केल्याची व्यथा समाजमाध्यमावर मांडून जीवन संपवले, तेव्हा राज्यभर हळहळ व्यक्त झाली. अठरा वर्षांपैकी कोणत्या वर्षी कोणत्या अधिकाऱ्याने या माणसाच्या भवितव्याचा निर्णय घेणे आवश्यक होते, हा प्रश्न त्या हळहळीत मागे पडला.

आक्षेपांचा विचार

सेवासुरक्षेविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप असा की, कायम झालेला प्राध्यापक वाचन सोडतो, वर्गाकडे पाठ फिरवतो आणि प्लॉटच्या व्यवहारात रमतो. अशी उदाहरणे प्रत्येक तालुक्यात बोटांवर मोजून दाखवता येतील आणि ती नाकारण्यात प्राध्यापक संघटनांचे हित नाही. परंतु याचा दोष स्थैर्यावर टाकण्याआधी हा अध्यापक कायम कसा झाला हे पाहिले पाहिजे. त्याच्या परिवीक्षेत त्याचा एकही तास कोणी ऐकला नसेल आणि मुदत संपल्यावर कारकुनाने टिपणी लिहून आदेश काढला असेल, तर निवडीच्या गाळणीचा टप्पाच झालेला नाही. निरुपयोगी माणसाला वेळीच थांबवण्याचे साधन परिवीक्षा हेच आहे, आणि ते साधन न वापरणाऱ्या संस्थेला नंतर कायमपणाविषयी कुरकुर करण्याचा अधिकार उरत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. शासनाजवळ सर्व पदे भरण्याइतका निधी नाही, असे सांगितले जाते. निधीचा प्राधान्यक्रम ठरवणे हे शासनाचे काम आहे. पण जे काम दरवर्षी करून घेतले जाते ते तात्पुरते म्हणता येत नाही. २००६ च्या उमादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मागच्या दाराने झालेल्या नेमणुका कायम करण्यास नकार दिला होता, आणि तो निर्णय राज्यांनी ढालीसारखा वापरला. त्याच न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना नियमित वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळाले पाहिजे असे ठरवले. रीतसर जाहिरात, पात्रता आणि निवड समिती यांतून आलेल्या माणसाला समोरच्या दारातून घेऊनही ओटीवरच बसवून ठेवण्याला उमादेवी प्रकरणाचा आधार मिळत नाही.

तिसरा आक्षेप संस्थाचालकांचा असतो: संस्था आम्ही उभारली, माणसे आम्ही निवडू आणि आम्हीच काढू. ग्रामीण मराठवाड्यात महाविद्यालये उभी करण्यात संस्थाचालकांनी घेतलेले कष्ट खरे आहेत. परंतु वेतन सार्वजनिक तिजोरीतून येते, पदवी सार्वजनिक विद्यापीठ देते आणि विद्यार्थी समाजाचे आहेत, तेव्हा अध्यापकाला खासगी चाकरीचा नियम लावता येणार नाही. निवडणुकीच्या दिवसांत संस्थेच्या उमेदवाराच्या प्रचाराला जाण्यास नकार देणारा अध्यापक कामात कमी पडतो असे म्हणता येत नाही, आणि तो परिवीक्षेत आहे एवढ्यावरून त्याला घरचा रस्ता दाखवता येऊ नये.

करावयाच्या गोष्टी

या विवेचनातून काही ठोस गोष्टी निघतात. पहिली, परिवीक्षेच्या प्रत्येक सहामाहीत प्राचार्य आणि महाविद्यालयाबाहेरचा एक विषयतज्ज्ञ यांनी अध्यापकाचे तास ऐकून लेखी अभिप्राय द्यावा, त्याची प्रत अध्यापकाला मिळावी आणि त्यावरील त्याचे म्हणणेही त्याच दप्तरात राहावे. दुसरी, मुदत संपल्यावर ४५ दिवसांत आदेश न निघाल्यास अध्यापक कायम झाला असे मानले जाईल, ही ओळ विद्यापीठाच्या परिनियमांत स्पष्ट शब्दांत असावी, म्हणजे धरम सिंग प्रकरणाचे तत्त्व शोधत कोणाला न्यायालयात जावे लागणार नाही. तिसरी, रीतसर निवडीने आलेल्या तासिका अध्यापकाची सेवा नोंदवली जावी आणि ठरावीक वर्षांनंतर ते पद पूर्णवेळ भरणे शासनाला बंधनकारक व्हावे. त्या भरतीत त्याच्या अनुभवाला गुण असावेत. चौथी, न्यायाधिकरणातील अपिलांचा निकाल ठरावीक मुदतीत लागावा, कारण नोकरी गेलेल्या माणसाला सात वर्षांनी मिळालेला न्याय त्याच्या मुलांच्या शाळेची फी भरत नाही.

परिवीक्षाधीन अध्यापकांनीही आपले दप्तर आपण राखावे. नियुक्तीपत्रातील प्रत्येक अट वाचावी, रुजू अहवालाची आणि मान्यतेची प्रत घरी ठेवावी, मुदत संपण्याच्या तारखेला स्थायीकरणासाठी लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी. वरिष्ठ अध्यापकांनी आपले कायमपण निवृत्तिवेतनाच्या हिशेबापुरते न ठेवता, ज्यांना बोलण्याची सोय नाही अशा तासिका सहकाऱ्यांसाठी वापरावे. बीडच्या वर्गांत आज शिकवणारे यांपैकी अनेकजण उद्याचे प्राध्यापक आहेत. परीक्षा कडक असायला हरकत नाही, पण तिला निकालाची तारीख असली पाहिजे, आणि ती तारीख पाळण्याची जबाबदारी संस्था, विद्यापीठ व शासन या तिघांची आहे.